पहिला पगार आणि विसावा हिस्सा

गेल्या वर्षी १५ ऑगस्टला आपल्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला होता. दुपारच्या पंगतीत एक आकडा या पत्रावळीवरून त्या पत्रावळीवर फिरत होता. पाचवीपासून दहावीपर्यंत आपल्या वसतिगृहात राहिलेल्या एका मुलीला मुंबईच्या एका विमा कंपनीत नोकरी लागली आणि पहिल्याच महिन्यात तिच्या हाती एकसष्ट हजार चारशे रुपये पडले, ही ती वार्ता. पंगतीच्या एका टोकाला एकसष्ट हजार असलेला आकडा दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत सव्वा लाख झाला होता. आनंद सर्वांनाच झाला. पण मठ्ठा वाढून होतो न होतो तोच त्या आनंदापाठोपाठ एक प्रश्न आला, “शाळेला काय दिलं तिनं?” कोणीतरी सांगितले की काहीच दिले नाही, उलट पहिल्या पगारातून स्वतःसाठी बूट घेतले, तेही जवळजवळ चार हजारांचे. क्षणभर पंगत शांत झाली. मला तेव्हा तिची बाजू घेता आली असती. ती मी घेतली नाही, कारण खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले होते.

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा मी शाळेच्या स्थापनेच्या काळाविषयी लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. इतिहास हा माझा विषय आहे, त्यामुळे ती अपेक्षा वावगी नव्हती. परंतु पंगतीतला तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आपल्या मुलामुलींना आता चांगले पगार मिळू लागले आहेत; सर्वांना नाही, पण काहींना निश्चितच. तो पहिला पगार कोणाचा, यावर आपण कधी नीट बोललेलो नाही. आपण फक्त कुजबुजतो. म्हणून या जागेचा उपयोग त्या विषयासाठी करीत आहे.

मुलगी ज्या क्षेत्रात गेली त्याचे नाव अनेकांनी त्या दिवशी प्रथमच ऐकले. तिला ‘विमा एजंट’ म्हणणारेही होते. ती ॲक्च्युअरी होण्याच्या मार्गावर आहे. मराठीत त्याला विमागणिती म्हणता येईल. अमुक वयाच्या हजार माणसांपैकी पुढल्या वर्षी किती जण हयात असतील, वीस वर्षांनी द्यावयाच्या रकमेसाठी आज किती पैसा बाजूला काढला पाहिजे, पेन्शनचे वचन देणाऱ्या संस्थेच्या तिजोरीत ते वचन पाळण्याइतके द्रव्य आहे की नाही, हे गणिताने ठरविणारा तो माणूस. या विद्येची मुळे जुनी आहेत. ज्याच्या नावाने धूमकेतू ओळखला जातो त्या एडमंड हॅलेने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ या शहरातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता मांडला आणि वर्षासनाची किंमत माणसाच्या वयाप्रमाणे कशी ठरवावी हे दाखवून दिले. लंडनमध्ये या व्यावसायिकांची संस्था १८४८ मध्ये उभी राहिली. आपल्याकडे त्यांची सोसायटी १९४४ मध्ये स्थापन झाली आणि २००६ च्या कायद्याने तिला इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाचे वैधानिक रूप मिळाले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यातली एक गोष्ट विशेष वाटते. १८१८ मध्ये कलकत्त्यात पहिली आयुर्विमा कंपनी निघाली ती युरोपीयांसाठी. पुढे अशा कंपन्यांनी हिंदी माणसांचे विमे उतरविले तेव्हा त्यांच्याकडून जादा हप्ता घेतला जाई. हिंदी माणसाचे आयुष्य म्हणजे जास्त जोखीम, असा तो हिशेब होता. १८७० मध्ये बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली आणि तिने हिंदी आयुष्याचा विमा सर्वसाधारण दराने उतरविण्यास आरंभ केला. माणसाच्या जन्मावरून त्याच्या आयुष्याचा भाव ठरविणे ही गोष्ट आपल्या समाजाला काही नवी नाही. फरक इतकाच की येथे ती छापील दरपत्रकात होती.

आणि जी गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते तीही येथे सांगितली पाहिजे. १९४७ मध्ये बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हे त्यातले कलम आपण भाषणांतून सांगतो. पण त्याच ठिकाणी विम्याविषयीही तरतूद आहे: विमा ही केवळ राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा घ्यावा अशी सक्ती राज्याने करावी. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ मध्ये झाले आणि दोनशे पंचेचाळीस कंपन्या व संस्था मिळून १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख होते. सक्तीचा भाग मात्र कागदावरच राहिला. आपली मुलगी ज्या कचेरीत बसते त्या कचेरीचा आणि आपला संबंध काय, असे ज्यांना वाटते त्यांनी ते कलम एकदा काढून वाचावे.

आता मुलीविषयी. तिचे नाव मी लिहीत नाही. तिने तशी विनंती केली आहे आणि ती रास्त आहे. वडील परभणीच्या मोंढ्यात हमाली करतात, आई अंगणवाडीत मदतनीस. दहावीनंतर ती पुण्याला गेली, संख्याशास्त्रात पदवी घेतली. कॉलेजसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती होती, ती यायची तेव्हा यायची. पण ॲक्च्युअरीच्या पेपरांची फी कोणत्याही शिष्यवृत्तीत बसत नव्हती. प्रवेश परीक्षा वेगळी, मग डझनाहून अधिक पेपर, प्रत्येकाची फी काही हजारांत, आणि पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होणे हा नियम नसून अपवाद. फेलो होईपर्यंत सात-आठ वर्षे सहज जातात, काहींना त्याहून अधिक लागतात. देशात या परीक्षांत पूर्ण उत्तीर्ण झालेल्यांची संख्या अजून काही शेकड्यांतच आहे. हिने शिकवण्या घेऊन फी भरली. पाच पेपर सुटले. त्यांतले दोन दुसऱ्या खेपेस. नापास झाली तेव्हा मला फोन करून रडली नव्हती, एवढे मला आठवते. दहावीला गणितात दोन गुण कमी पडले तेव्हा मात्र वसतिगृहाच्या जिन्यावर बसून तासभर रडली होती.

दिवाळीच्या सुट्टीत ती शाळेत आली. शिक्षककक्षात मी एकटाच होतो. मी चहा मागविला आणि, माझी मला लाज वाटते, इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर बुटांचा विषय मीच काढला. थेट नाही, “मुंबईत खर्च फार होत असेल नाही?” असा. ती हुशार आहे, तिला कळले. तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. विमागणिती माणसे कागद जपून ठेवतात की ही सवय वसतिगृहातल्या खर्चाच्या वहीने तिला लावली, सांगता येत नाही. त्यावर पहिल्या पगाराचा पैन्‌पै हिशेब होता.

चोवीस हजार दोन मैत्रिणींचे. मुलींच्या वसतिगृहात खोलीची अनामत आणि पहिल्या महिन्याचा खर्च यांसाठी ते घेतलेले होते. चौदा हजार पुढल्या महिन्याचे भाडे आणि मेस. साडेनऊ हजार पुढल्या पेपरची फी व पुस्तके. पाच हजार घरी. बावीसशे आईच्या चष्म्याचे. अंगणवाडीच्या नोंदवहीतली अक्षरे आईला दिसत नव्हती आणि ती ते कोणाला सांगत नव्हती. चारशे शहात्तर रुपये विम्याचे. तीन हजार आठशेचे बूट. मैत्रिणींबरोबर एक जेवण, सहाशे चाळीस. शिल्लक सतराशे चौऱ्याऐंशी.

अनामतीचा आकडा पाहून मी विचारले की आधी एखाद्या घरात चौघी मिळून राहिली असती तर स्वस्त पडले नसते का. ती म्हणाली, “सर, दोन घरं पाहिली होती. एका ठिकाणी आडनाव विचारलं, दुसऱ्या ठिकाणी काय खाता ते विचारलं. दोन्हीकडून संध्याकाळी निरोप आला की जागा दिली गेली.” एवढेच. तिने याहून अधिक काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. १९१७ मध्ये बडोद्याला परदेशी पदवी घेऊन आलेल्या माणसाला पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले, हा प्रसंग मी दरवर्षी नववीच्या वर्गात शिकवितो. शिकविताना तो भूतकाळात शिकवितो.

चारशे शहात्तर रुपयांचाही खुलासा करावा लागेल. प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा मिळतो, सुरक्षा योजनेत २० रुपयांत अपघाताचा. तिने आईसाठी दोन्ही योजनांचे अर्ज भरले. वडिलांसाठी फक्त २० रुपयांचा. कारण जीवनज्योतीत नाव घालण्याची मर्यादा पन्नास वर्षांपर्यंत आहे आणि ते त्रेपन्न वर्षांचे आहेत. योजना २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा त्यांचे वय बसत होते. बँकेत जाऊन अर्ज भरायला त्यांना कोणी सांगितले नाही. यावर ती जे बोलली ते मी तसेच देतो. “सर, आम्ही ऑफिसात जो मृत्यूचा तक्ता वापरतो तो विमा उतरवलेल्या लोकांवरून केलेला असतो. विमा नसलेला माणूस मेला तर त्यात मोजला जात नाही. बाबा त्या तक्त्यात नाहीत. मोंढ्यातलं कोणीच नाही.” १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रातल्या हमालांना भविष्यनिर्वाह निधी आणि काही संरक्षण दिले हे खरे, पण मंडळाकडे नोंद असेल तरच. हमालाची पाठ पन्नाशीत कशी होते हे कोणत्या तक्त्यात लिहिले आहे, मला माहीत नाही.

मग बूट. मुंबईचा जुलै. स्टेशनपासून कचेरीपर्यंत वीस मिनिटांची चाल, पायात कॉलेजपासूनची एकच चप्पल. तिसऱ्या आठवड्यात पुलाच्या पायऱ्यांवर चपलेचा अंगठा तुटला. मोच्याने शिवून दिला, पण दिवसभर ओले पाय टेबलाखाली ओढून घेऊन ती बसून राहिली; बैठकीला बोलावले तेव्हा उठताना तिला संकोच वाटला. “त्या दिवशी मला बैठकीतलं एक अक्षर ऐकू आलं नाही,” ती म्हणाली. पगार झाल्यावर पहिल्या रविवारी तिने बूट घेतले.

हे ऐकून मला माझा पहिला पगार आठवला. त्याविषयी मी आजवर लिहिलेले नाही. मी तीन वर्षे एका विनाअनुदानित शाळेत बिनपगारी शिकविले. आज ना उद्या अनुदान येईल, मान्यता मिळेल, या आशेवर माझ्या पिढीतल्या शेकडो शिक्षकांनी असेच दिवस काढले. १९९७ मध्ये पहिला पगार झाला, साडेचार हजारांच्या आसपास. एम.ए. झाल्यापासून मराठवाड्यातील दलित वसतिगृहांच्या इतिहासावर पीएच.डी. करायची माझ्या मनात होते. मार्गदर्शकांशी बोलणेही झाले होते. नोंदणीची फी पहिल्या पगारातून भरीन असे मी ठरविले होते. पहिल्या पगारातून किराणा दुकानदाराची उधारी गेली, वडिलांनी घेतलेल्या हातउसन्याचा एक भाग गेला, गावातल्या एका स्मारकाची वर्गणी गेली आणि धाकट्या भावाच्या लग्नासाठी दर महिन्याला काही बाजूला पडू लागले. प्रत्येक खर्च योग्यच होता. एकालाही नाही म्हणण्याजोगे काही नव्हते. नोंदणी पुढल्या महिन्यावर गेली, मग पुढल्या वर्षावर. आज मी ज्यांच्या आठवणी नोंदविणार होतो त्यांतली बहुतेक माणसे हयात नाहीत. माझ्या त्यागाचे मला कधीकधी कौतुक होते, आणि त्याच त्यागामुळे एका मुलीच्या बुटांकडे मी वाकड्या नजरेने पाहिले, हेही मला मान्य केले पाहिजे. आपण जे सोडले ते दुसऱ्यानेही सोडावे, असे माणसाला वाटू लागते.

आता ज्यांच्या नावाने आपण हे सर्व करतो त्यांनी काय केले ते पाहू. चरित्रग्रंथांतील एक प्रसंग आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. १९१३ च्या आरंभी तरुण भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना सुरतेला ते वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. घरी पोहोचले तेव्हा वडिलांचा शेवटचा काळ जवळ आला होता. २ फेब्रुवारीला रामजी बाबा गेले. कमावत्या मुलाने बापासाठी खाऊ घ्यावा, ही ओढ महापुरुषालाही सुटली नव्हती. आपल्या मुलांनी पहिल्या पगारातून आईला लुगडे किंवा चष्मा घ्यावा यात त्यामुळे मला काही गैर वाटत नाही.

पण त्यानंतरचे उदाहरण अधिक बोलके आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा चारशे पन्नास रुपये. त्या काळाच्या मानाने ही मोठीच रक्कम होती. परळच्या ज्या चाळीत ते राहत तेथील गिरणी कामगारांच्या दृष्टीने तर कल्पनेपलीकडची. त्या पगाराचे त्यांनी काय केले? चाळ सोडली नाही. रमाबाईंच्या हाती घरखर्चासाठी ठरावीक रक्कम दिली. आणि उरलेले साठविले, ते लंडनला परत जाऊन अर्धवट राहिलेला अभ्यास पूर्ण करण्यासाठी. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज जोडून ते विलायतेस गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली आणि ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध झाले. त्याच काळात, जानेवारी १९२० मध्ये, ‘मूकनायक’ही निघाले हे विसरता येत नाही. पण नोकरीतली बचत त्यांनी प्रथम स्वतःच्या शिक्षणात घातली. त्या वेळी चाळीतल्या कोणी विचारले असते, “साडेचारशे मिळतात, समाजाला काय दिलं?” तर त्यांनी काय उत्तर दिले असते? १९२० मध्ये त्यांच्याजवळ दाखविण्यासारखे फारसे नव्हते. उत्तर १९३० मध्ये, १९४२ मध्ये, १९४९ मध्ये मिळाले. हिच्या कागदावरचे साडेनऊ हजार, पेपरची फी आणि पुस्तके, मी याच दृष्टीने पाहतो. तिने पहिल्या पगारातले सर्वांत मोठे स्वेच्छेचे खर्च बुटांवर केलेले नाहीत.

यावर विरुद्ध बाजूचे म्हणणे मी जाणतो आणि ते हलके नाही. पगार वाढला की वस्ती सुटते, वस्ती सुटली की माणूस सुटतो. शहरात गेलेले कितीतरी अधिकारी आडनाव बदलून राहतात, गावी येतात ते फक्त शेताच्या वाटणीसाठी. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी सुशिक्षितांनी आपली निराशा केल्याची खंत व्यक्त केली. ती खंत खोटी नव्हती आणि आजही जुनी झालेली नाही. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला नागपुरात, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा या कार्यासाठी द्यावा असे सांगितले. मग पहिल्या पगारावर समाजाचा हक्क नाही, असे मी म्हणतो आहे का?

मी म्हणतो ते असे आहे. विसावा हिस्सा हे प्रमाण आहे. प्रमाण हे नियमित देण्याचे असते. एकदाच मोठी रक्कम मोजून मोकळे होण्याचे नव्हे. आपण मात्र प्रमाण विसरलो आणि प्रसंग धरून बसलो. पहिला पगार, नवे घर, मुलाचे बारसे, या दिवशी माणसाला गाठायचे, त्याच्या नावाची फरशी भिंतीत बसवायची, फोटो काढायचा आणि मग पुढची वीस वर्षे त्याला काही विचारायचे नाही. वर तोच माणूस पुढे आला नाही की कृतघ्न. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे तथागतांनी सिगालाला सांगितले आहे: एक स्वतःच्या उपभोगासाठी, दोन कामधंद्यात गुंतविण्यासाठी आणि चौथा आपत्काळासाठी राखून ठेवण्यासाठी. मी हे वंदनेच्या वेळी मुलांना अनेकदा सांगितले आहे. उपभोगाचा भाग पहिला सांगितला आहे याकडे माझे लक्ष त्या शिक्षककक्षात प्रथमच गेले. एकसष्ट हजार चारशेचा चौथा भाग पंधरा हजार तीनशे पन्नास होतो. बूट, जेवण, चष्मा मिळून त्याच्या निम्मेही होत नाहीत.

चहा संपल्यावर तिने स्वतःच देण्याचा विषय काढला. शाळेच्या नव्या सभागृहासाठी एक्कावन्न हजारांची देणगी द्यावी, नावाची फरशी बसवू, असा निरोप तिला आधीच गेला होता, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. ती म्हणाली, “सर, एक्कावन्न हजार आज द्यायचे तर मला कर्ज काढावं लागेल. पण दरमहा हजार मी देऊ शकते. वीस वर्षं.” आणि तिने त्याच कागदाच्या पाठीमागे मांडून दाखविले. दरमहा हजार, वीस वर्षे, सहा टक्के व्याजाने आजची किंमत एक लाख एकोणचाळीस हजार पाचशेच्या आसपास. एक्कावन्न हजारांच्या अडीच पटींहून जास्त. “अर्थात मी नोकरी सोडली किंवा मेले तर हप्ते थांबतील. ती शक्यता धरून थोडं कमी करायला हवं,” ती म्हणाली. चोवीस वर्षांची मुलगी स्वतःच्या मरणाची शक्यता बिस्किट बुडविता बुडविता सांगत होती. मी तिला रागावलो. ती हसली. तिच्या कामात हे रोजचेच आहे.

एकसष्ट हजार चारशेचा विसावा हिस्सा तीन हजार सत्तर. हजार शाळेला, दहावीच्या मुलींच्या पुस्तकांसाठी. बाकीचे तिच्या चुलत भावाच्या डिप्लोमाच्या फीला आणि गावच्या विहारातल्या अभ्यासिकेला. पहिले चार महिने सोडून, अनामतीचे आणि उसने पैसे फिटल्यावर. तिने हे सर्व आधीच ठरविलेले होते. पंगतीत आम्ही तिचा निवाडा करीत होतो तेव्हा ते तिच्या वहीत लिहिलेले होते.

मी तो प्रस्ताव घेऊन कार्यालयात गेलो. आमच्या लेखनिकबंधूंवर माझा राग नाही, ते एकटे तीन माणसांचे काम करतात. पण त्यांचे उत्तर ऐकण्यासारखे होते: “सर, दर महिन्याला हजाराची पावती कोण फाडणार? एकदाच घ्या ना.” व्यवस्थापन समितीतही एका ज्येष्ठ सदस्यांनी हेच म्हटले, जरा सभ्य शब्दांत. आपली सर्व यंत्रणा मोठ्या, एकरकमी, छायाचित्रासह येणाऱ्या देणगीसाठी बांधलेली आहे. फरशीवर नाव कोरणारा कारागीर आपल्याला माहीत आहे. दरमहा हजार रुपये बँकेत जमा झाले की कोणाच्या नावे, कोणत्या खात्यात आणि कोणत्या मुलीच्या कोणत्या पुस्तकासाठी, हे लिहून ठेवणारी वही आपल्याजवळ नव्हती. मग पगारदार मुले देत नाहीत म्हणून तक्रार कशासाठी? त्यांना देता येईल असे दार आपण ठेवलेच नाही. विसावा हिस्सा सांगणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी, आणि विसाव्या हिश्शाची पावती फाडणे आपल्याला जड जाते.

त्या सभेत बराच वाद झाला. शेवटी वेगळे पावती-पुस्तक छापावे आणि बँकेतून दरमहा आपोआप रक्कम वळती होण्याची सोय करावी असे ठरले. एका सदस्यांनी अट घातली की कोणाही माजी विद्यार्थ्याकडून नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत वर्गणी मागू नये. ही अट मी सुचविली असती तर मला आनंद झाला असता. ती सुचविली आपल्या वसतिगृहाच्या माजी अधीक्षकांनी, ज्यांनी त्या मुलीला जिन्यावरून उठवून जेवायला नेले होते.

जानेवारीत तिचे वडील शाळेत आले. मोंढ्यातल्या सहकाऱ्यांनी मिळून वसतिगृहासाठी तांदळाचे एक पोते पाठविले होते, ते उतरवायला. मी त्यांना कार्यालयात नेऊन लेकीच्या नावाची पहिली पावती दाखविली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून वाचली, आकडा दोनदा पाहिला. बुटांची चर्चा त्यांच्या कानावर गेली होती. ते म्हणाले, “गुरुजी, मला लेकीनं फोनवर इचारलं होतं, बाबा घेऊ का म्हणून. मीच म्हणलो घे. मी तीस वर्षं चपलेवर पोती वाहिली, पावसाळ्यात पाय घसरतो.” मग त्यांनी पावती घडी न घालता माझ्याकडे परत दिली आणि ती येथेच राहू द्या, घरी ओली होईल, असे सांगितले.

पावती-पुस्तकात आजपर्यंत नऊ नावे झाली आहेत. सर्वांत लहान रक्कम दोनशे रुपयांची आहे, नांदेडच्या एका परिचारिकेची, आणि ती एकदाही चुकलेली नाही. माझे नाव चौथ्या पानावर आहे.